चार इंच जास्तीची गादी

४ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार. त्याच्या आधी ‘सप्रेम’ लिहायची हाताला सवय आहे, पण आमच्या चिरंजीवांच्या वकिलाने ताकीद दिली आहे की मुलीकडच्यांशी फोनवर बोलायचं नाही, जे काय असेल ते लेखी कळवायचं, आणि लेखी द्याल ते पुराव्यात जाऊ शकतं. प्रेमाचा पुरावा द्यायला मी तयार नाही. तेव्हा नुसता नमस्कार घ्या.

तसंही फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या खेपेला तुम्ही ‘हॅलो’ म्हणालात त्यातच मला टोमणा ऐकू आला होता.

विषय व्हॅनचा. वकिलाने पत्र वाचलंच तर त्याला कळावं म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुमच्या लेकीने आणि आमच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी एका लाँड्रीवाल्याची जुनी व्हॅन घेतली. तिच्यात बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवायची आणि जगभर भटकायचं, असा बेत होता. दोघं भटकले ते माझ्या अंगणापर्यंत. गाडी इथे लावली, मागच्या सीटा उपटल्या, छताला दीड फुटाचं भोक पाडलं आणि मग भांडण करून दोन वेगवेगळ्या रिक्षांनी निघून गेले. आता घटस्फोटाचा अर्ज आहे, २८ मे ही तारीख आहे, आणि व्हॅन आहे माझ्या फाटकासमोर. मला बाहेर पडायचं तर अंग चोरून पडावं लागतं, आणि चोरण्याजोगं अंग माझं राहिलेलं नाही.

गाडीच्या बाजूला लाँड्रीची जुनी अक्षरं तशीच आहेत: ‘आम्ही डाग ठेवत नाही’. येणारेजाणारे वाचतात आणि माझ्याकडे बघतात.

गाडी दोघांच्या नावावर आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत तुमच्या लेकीने ती हलवावी. उपटलेल्या सीटा व्हरांड्यात आहेत. त्यातल्या एकीवर बसून मी सकाळचा चहा घेते, पण त्यावर माझा हक्क सांगत नाही.

तुमची (कागदोपत्री अजून) विहीण


१२ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार पोचला. माझाही नुसताच घ्या.

‘हॅलो’मध्ये टोमणा नव्हता. टोमणा मारायचा असता तर मी पूर्ण वाक्य वापरलं असतं.

आता भोक. तुम्ही लिहिलंत, ‘दोघांनी भोक पाडलं’. पुराव्यात जाणार आहे म्हणता, तर नीट जाऊ द्या. लेकीने छताला आतून खडूने खूण केली होती, शेगडीच्या बरोबर वर, वाफ बाहेर जायला. तुमच्या चिरंजीवांनी ती पुसली आणि भोक पाडलं उशाच्या वर. का, तर झोपल्या झोपल्या चांदण्या दिसाव्यात. चांदण्या दिसल्याच नाहीत. पाऊस आला तेव्हा लेकीच्या नाकात पाणी गेलं. त्यावर हे महाशय म्हणाले, तू कुशीवर झोप ना.

आमचीही काही गरीब गाय नाही, तेही लिहून ठेवते. तिने त्या भोकावरून तीन आठवडे अबोला धरला. माझ्याकडे आली तेव्हा जेवताना ताटाकडे बघून ‘भोक’ असं एकदाच म्हणाली आणि उठून गेली. भोकामुळे संसार मोडला असं मी म्हणत नाही. दोघांना बोट दाखवायला जागा हवी होती, ती त्यांनी कापून तयार केली.

गाडी हलवायची तर कोण हलवणार? लेक त्या गाडीचं नाव काढू देत नाही. मला चालवता येते. तीस वर्षं शाळाशाळांत गणवेश पोचवले ते स्वतः व्हॅन चालवूनच. पण माझ्या दारात ती लावायला जागा नाही आणि आमचे हे शब्दकोडं सोडवतात तिथे खिडकीतला उजेड अडेल. उजेड अडला की ते बोलायला लागतात. तेवढं नको.

एक विचारू? तुम्ही आयुष्यभर मुलांना सुतारकाम शिकवलंत. अंगणात एक अर्धवट काम वर्षभर पडून आहे आणि तुम्ही शेजारी बसून चहा पिता. हात शिवशिवत नाहीत?

हा मात्र टोमणा आहे.

तुमची विहीण


२७ जानेवारी

विहीणबाई,

लागला.

पत्र वाचलं, चष्मा खाली ठेवला, पटाशी घेतली आणि गाडीत शिरले. खालचा रबर उचलला तर पत्र्याला गंज. तो घासला, लाल रंग मारला, वर प्लायवूड टाकलं. भिंतींना लाकडी पट्ट्या मारल्या आणि मध्ये थर्माकोल भरलं, म्हणजे पत्रा तापला तरी आतला माणूस भाजणार नाही. छताच्या भोकाला चौकट केली, वर जाड पारदर्शक झाकण, कडेने रबर. चार बादल्या पाणी ओतून बघितलं. थेंब नाही. चांदण्यांचीही सोय झाली आणि नाकाचीही. हे दोघांना सुचलं असतं तर वकिलाचं पोट कसं भरलं असतं?

दुपारी गाडीत बसून डबा खाल्ला. सांगायला लाज वाटते, पण नऊ वर्षांत, म्हणजे हे गेल्यापासून, इतकी चवीने जेवले नव्हते.

आता मुद्दा ऐका आणि हे पत्र वकिलाच्या हाती लागू देऊ नका. मला हा घटस्फोट नको आहे. तुम्हालाही नसावा असं मी धरून चालते. या दोघांना भांडायला जशी एक वस्तू लागली तशी समेटालाही एक लागेल. २८ मेच्या आत मी ही गाडी पूर्ण करते. दोघांना बोलावते, किल्ली हातात देते आणि म्हणते, आठ दिवस कुठेही जा, मग कोर्टात जायचं ते जा. आठ दिवस सहा फुटांच्या गाडीत राहिल्यावर माणसं एकतर एकमेकांचा जीव घेतात नाहीतर एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात. मी दुसऱ्यावर पैज लावते.

सून मला आवडते, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. ती भांडताना आवाज चढवत नाही, वाक्य नीट पूर्ण करते. आता कळलं ते कुठून आलं.

बिछान्याचा पाट मी करते, खाली सामानाचे तीन खण. गादी, पडदे आणि उशांचे अभ्रे तुमच्याकडे. गादीचं माप: लांबी चौऱ्याहत्तर इंच, रुंदी अठ्ठेचाळीस, जाडी चार. खिडक्यांची मापं मागच्या पानावर.

जमेल ना?

तुमची विहीण


८ फेब्रुवारी

विहीणबाई,

जमेल.

मापं मिळाली. तुमचा आकडा बघून बरं वाटलं. चारमधल्या तिरक्या रेघा तुम्ही पट्टी लावून काढता का?

थोड्या शंका आहेत. गादी कापसाची की फोमची? फोम हलका, पण कापसाला अंग असतं. मी कापूसच धरते. पडद्यांना नवीन कापड आणू नका. माझ्याकडे एका शाळेचं करडं कापड दीड ठाण उरलं आहे. शाळेने अचानक रंग बदलला आणि मी तशीच राहिले. करड्याला काठ मरून रंगाचा लावते. गाडी थोडी प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी दिसेल, पण कापड जन्मभर फाटणार नाही. आठवीतल्या मुलांनी ते तपासून दिलेलं आहे.

पडदे वर-खाली दोन्हीकडून तारेत ओवा. नुसते वर ओवले तर वळणावर बाहेरच्या माणसाला सगळा संसार दिसतो.

लेक बरी आहे. कामात असते. बाकी विशेष काही नाही.

तुम्ही एकट्या प्लायवूडचे तक्ते उचलता का? पाठीला पट्टा बांधत जा. मी शिवून पाठवते.

तुमची विहीण


२ मार्च

विहीणबाई,

पडदे लागले! बटण, काज, दुहेरी शिलाई, आणि कोपऱ्यात आत तो छोटा पांढरा पट्टा: ‘नाव, इयत्ता, तुकडी’. हसून हसून मी पाटावर लोळले. तो काढू नका म्हणून आधीच सांगते. नावापुढे काय लिहायचं ते दोघं ठरवतील.

पाठीचा पट्टाही मिळाला. घालून आरशात बघितलं. सिलिंडरला दोरी बांधल्यासारखी दिसते, पण पाठ दुखायची थांबली.

कामाचा अहवाल. मागचं दार उघडलं की खालून एक फळी बाहेर सरकते, ती शेगडीची. शेगडी बाहेर, माणूस बाहेर, वाफही बाहेर. म्हणजे सुनेचं म्हणणं बरोबर होतं की भोक शेगडीसाठी हवं, आणि मुलाचंही बरोबर होतं की ते उशाशी हवं, आणि दोघांनाही शेगडी मुळात बाहेर नेता येईल हे दिसलं नाही. पाण्याला वीस लिटरचा कॅन आडवा बसवला, त्याला तोटी. खाली भांडं धुवायला टोपलं. सरकत्या दारामागे चार कप्पे, प्रत्येकाला कडी, नाहीतर पहिल्या खड्ड्यात सगळे डबे अंगावर.

संध्याकाळी चहा घेऊन मी आता गाडीतच बसते. शेजारीण विचारते, कुठे निघालात? मी म्हणते, कोर्टात.

तुमची पत्रं मी खालच्या पहिल्या खणात ठेवते. व्हॅनचे कागद आहेत ते, व्हॅनमध्येच राहू देत.

मुलगा परवा आला होता. गाडी पाहिली. खिळा टोचल्यासारखं तोंड केलं आणि झाकण उघडून वर बघत बसला. मी मनात म्हटलं, अर्धं काम झालं.

तुमच्या लेकीला कधी आणता?

तुमची विहीण


१९ मार्च

विहीणबाई,

गादी आज मालवाहू गाडीने रवाना केली. सोबत चार अभ्रे आणि शेगडीच्या फळीला झालर. झालरीला नाकं मुरडू नका, माझा हात वळला म्हणून केली.

गादी भरताना आमच्या ह्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवून विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, विहिणीसाठी. ते म्हणाले, पाच अक्षरी? मी म्हटलं, गप्प बसा.

खरं सांगायचं तर शिवणाचं दुकान बंद करून तीन वर्षं झाली. मशीन पलंगाखाली होतं. तुमचं मापांचं पान आलं त्या दिवशी ओढून बाहेर काढलं, तेल घातलं. तीन वर्षांत मला कुणी माप पाठवलं नव्हतं. लोक तब्येत विचारतात, वय विचारतात. माप कोणी देत नाही.

लेकीचं विचारलंत. तिला रविवारी पाठवते. ती हो म्हणाली आहे. मी येत नाही. का ते विचारू नका. गुडघा समजा.

बघा, आणि काय होतं ते मला पत्राने कळवा. फोन नको. वकील आहे ना.

तुमची विहीण


३ एप्रिल

विहीणबाई,

सप्रेम! सप्रेम! सप्रेम नमस्कार! वकिलाला फ्रेम करून द्या.

पण आधी तुमची खरडपट्टी. गादी मोठी आहे! आत घातली आणि मागचं दार लावायला गेले तर चार इंच बाहेर. मी मोजली: शहात्तर. गाडी मोजली: बहात्तर. मग कपाळाला हात लावून पाटावर बसले, कारण निम्मी चूक माझी. मी तुम्हाला चौऱ्याहत्तर लिहिलं होतं. बहात्तर हवं असलं की मी चौऱ्याहत्तर सांगते. चाळीस वर्षांची खोड. विद्यार्थ्यांना जेवढं सांगावं त्याहून दोन इंच कमी कापून आणायचे, म्हणून मी दोन इंच वाढवूनच सांगायला लागले. तुम्ही विद्यार्थी नाही हे विसरले. पण वरचे दोन इंच कुठून आले? ते तुम्ही सांगा.

तर रविवार. आधी मुलगा आला, मग सून. दोघं अंगणाच्या दोन टोकांना, मी मध्ये पंचासारखी. गाडी दाखवली. सुनेने शेगडीची फळी ओढून बघितली, परत ढकलली, परत ओढली. मुलाने झाकण दाखवलं. ती म्हणाली, ‘गळत नाही?’ तो म्हणाला, ‘आईने केलंय.’ ती म्हणाली, ‘मग नाही गळणार.’

नंतर दार लागेना. मुलगा बाहेरून ढकलतोय, गादी बाहेर येतेय. शेवटी ती सरकत्या दाराने आत गेली, गादीवर आडवी झाली, दोन्ही पाय टेकवून गादीची कड आत दाबून धरली आणि ओरडली, ‘आता!’ त्याने खांदा लावला, दार धाडकन लागलं. आणि विहीणबाई, दोघं हसले. ती आतून, तो बाहेरून, मध्ये बंद दार. खूप वेळ हसले. मी व्हरांड्यातून ऐकलं आणि पदराने डोळे पुसले. मग दोघांनी अंगणात बसून चहा घेतला आणि एकाच रिक्षाने गेले. एकाच!

जमलं. मी पैज जिंकले. आता किल्ली कधी द्यायची ते सांगा.

तुमची (कायमची) विहीण


११ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि तीन उत्तरं फाडली.

वरचे दोन इंच माझे. गणवेश मी कधीच मापाचा शिवला नाही. जूनमध्ये माप घेतलं की मार्चपर्यंत पोर वाढणार, म्हणून दोन इंच जास्त. गादी शिवताना हात आपोआप तेवढा पुढे गेला. गादी वाढत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक कबूल. कात्री घेऊन येते, चार इंच कापून शिवून देते. अर्ध्या दिवसाचं काम.

दुसरी कबुली कात्रीने सुटणारी नाही.

ते हसले, खरं आहे. लेकीने मलाही सांगितलं. ती म्हणाली, ‘आई, आम्ही किती दिवसांनी हसलो. सगळं ठरल्यावर किती सोपं होतं बघ.’ सगळं ठरलं आहे, विहीणबाई. तिला लांबच्या शहरात नोकरी लागली आहे, १ जूनला ती निघते. तुमच्या मुलाला ते माहीत आहे. तो तुम्हाला सांगायला धजावला नाही, कारण तुम्ही हातात रंधा घेऊन उभ्या होतात. रिक्षा एकच केली ती दोघांना एकाच वकिलाच्या कार्यालयात जायचं होतं म्हणून.

आणि मला हे डिसेंबरपासून माहीत होतं. तुमचं पहिलं पत्र यायच्या आधीपासून. तुमच्या जानेवारीच्या पत्रात तुम्ही समेटाचा बेत लिहिलात तेव्हा मी तुम्हाला लगेच लिहायला हवं होतं की उपयोग नाही. मी लिहिलं, ‘जमेल.’

का, ते सरळ लिहिते. गाडी व्हायची नाही म्हटलं असतं तर मापं आली नसती. मापं नसती तर पत्रं नसती. मला तुमची पत्रं हवी होती. त्यासाठी मी तुम्हाला खोटी आशा शिवून दिली, झालरीसकट. रविवारी आले नाही ते गुडघ्यामुळे नाही. तुमचा आनंद समोर बसून बघायची माझी हिंमत नव्हती.

शिव्या द्यायच्या तर लेखी द्या.

तुमची विहीण


६ मे

विहीणबाई,

पंचवीस दिवस झाले. शिव्यासुद्धा नाहीत.

रोज फाटकाशी जाऊन टपालाची पेटी बघते. काल आमचे हे म्हणाले, ‘वाट पाहणे, सात अक्षरी?’ मी त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

एक ओळ लिहा. ‘पत्र पाठवू नका’ एवढी लिहिलीत तरी चालेल.

तुमची


३० मे

विहीणबाई,

नमस्कार. सप्रेम की नाही ते पत्र संपेपर्यंत ठरवते.

मी तुमच्यावर रागावले होते. साधीसुधी नाही, चांगलीच. तुमचं पत्र वाचून मी पटाशी घेतली आणि गाडी मोडायला गेले. शेगडीची फळी उखडली. झालर ओढून काढली. तीन महिने मी अंगणात बसून खुळ्यासारखी संसार जोडत होते आणि सगळ्या जगाला ठाऊक होतं, मुलाला, सुनेला, तुम्हाला, बहुतेक तुमच्या शब्दकोड्यालाही. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? तुम्ही इतकं सरळ शिवता आणि इतकं वाकडं वागलात.

मुलाशी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, ‘आई, तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. तू इतकी खूश मी बाबा गेल्यापासून बघितली नव्हती.’ मी त्याला हाकलून दिलं. मग खूप वेळ विचार केला की मी खूश कशाने होते. ते दोघं तर महिन्यातून एकदासुद्धा फिरकत नव्हते.

परवा निकाल लागला. दोघं सभ्यपणे उभे राहिले. सुनेने येऊन मला मिठी मारली आणि म्हणाली, ‘कप्प्यांना कड्या छान बसवल्यात.’ मी म्हटलं, ‘नाक सांभाळ.’ ती रडली, मीही रडले, वकील घड्याळ बघत होता. व्हॅनचं काय, असं न्यायाधीशांनी विचारलं तर दोघं एकदम म्हणाले, ‘आयांना विचारा.’ ते तसंच्या तसं कागदावर आलं आहे: वाहनाबाबतचा निर्णय उभयतांच्या मातांनी घ्यावा. सही, शिक्का.

मी म्हटलं, विकून टाकू. काल एक गिऱ्हाईक आलं. त्याचा कुत्र्यांना आंघोळ घालायचा फिरता धंदा आहे. पाण्याचा कॅन आणि तोटी बघून तो फार खूश झाला. मग त्याने मागचं दार लावायला घेतलं. लागेना. मला म्हणाला, ‘बाई, तुम्ही जरा आतून धरता का?’

मी सरकत्या दाराने आत गेले, गादीवर आडवी झाले, पाय टेकवून कड आत दाबली. त्याने दार लावलं. आत करडा उजेड, तुमचे पडदे, वर आभाळाचा चौकोन. पाठीखाली तुमचा कापूस. डोळ्यांसमोर तो पांढरा पट्टा: नाव, इयत्ता, तुकडी. खालच्या खणात तुमची पत्रं. मला एकदम कळलं की ही गाडी मी मुलासाठी बांधतच नव्हते. निदान फेब्रुवारीनंतर नाही. तुम्ही पुढच्या पत्रात काय म्हणाल म्हणून मी खिळे ठोकत होते. मग तुम्हाला फसवणूक म्हणून कुठल्या तोंडाने बोलू?

तो बाहेरून ठोठावत होता. मी बाहेर आले आणि म्हटलं, गाडी विकायची नाही. तो म्हणाला, ‘का?’ मी म्हटलं, दार लागत नाही. तो म्हणाला, ‘लागलं की आत्ता.’ मी म्हटलं, त्याला दोन माणसं लागतात. तो म्हणाला, आम्ही दोघं आहोत. मी म्हटलं, कुत्री धरून मोजू नका, आणि त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

आज सकाळी वकिलाला फोन केला. विचारलं, मुलांचा झाला, आता विहिणींचा घटस्फोट कुठल्या कलमाखाली होतो? फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, तसं कलम नाही. म्हणजे आपलं नातं अजून लागू आहे. नसतं तरी पाकिटावर मी ‘विहीणबाई’च लिहिलं असतं, दुसरं काय लिहिणार, तुमचं पहिलं नाव मला अजून माहीत नाही.

शेगडीची फळी आज परत बसवली. झालरही. ती एका बाजूने फाटली आहे, माझ्या रागाने, तेवढी शिवावी लागेल. किल्ली माझ्याकडे, गाडी चालवायचा परवाना तुमच्याकडे. कुठे जायचं ते तुम्ही ठरवा, मी दहावीनंतर नकाशा बघितलेला नाही. तुम्ही बाहेरून दार लावा, मी आतून दाबून धरते, मग तुम्ही सरकत्या दाराने आत या. ह्यांना सोबत आणू नका, माणसं दोनच मावतात. त्यांना शब्दकोड्यांचा गठ्ठा आणि चार दिवसांचं जेवण ठेवून या.

सुई, करडा दोरा आणि मशीनचं तेल आणा. बिजागऱ्या कुरकुरतात.

कात्री आणू नका.

सप्रेम,
तुमची विहीण